वाइन रिव्ह्यूचं एकच सबस्क्रिप्शन घ्यायचं तर कुठलं?

नवखा_पेला:

नमस्कार मंडळी. गेली तीनेक वर्षं वाइन जरा सिरियसली प्यायला लागलोय, म्हणजे आधी समोर येईल ते प्यायचो, आता लेबल वाचतो, व्हिंटेज (द्राक्षं कुठल्या वर्षाची ते) बघतो, घरात एक छोटा वाइन फ्रिज आलाय आणि त्यात तीसेक बाटल्या आडव्या पडल्यात. वाढदिवसाला काय पाहिजे असं बायकोने विचारलं, मी म्हणलं एखाद्या चांगल्या वाइन मासिकाचं नाहीतर साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन दे. झालं, आता ती रोज विचारते कुठलं ते सांग, आणि मी आठवडाभर नुसते टॅब उघडून बसलोय.

डोळ्यासमोर पाच नावं आहेत. वाइन स्पेक्टेटर, वाइन ॲडव्होकेट, विनस, डिकँटर आणि जॅन्सिस रॉबिन्सन या ब्रिटिश समीक्षिकेची साइट. फुकट जेवढं वाचता येतं तेवढं सगळीकडचं वाचलं आणि डोक्याचा पार भुगा झाला. एकाच वाइनला एकीकडे ९४, दुसरीकडे ८९, आणि जॅन्सिसबाईंच्या साइटवर १६.५. आता १६.५ म्हणजे वीसपैकी, शाळेच्या हिशोबाने साडेब्याऐंशी टक्के, म्हणजे वाइन चांगली की नुसती पास झालेली?

वर ती वर्णनं. पेन्सिलचं शिसं, सिगारची पेटी, कासिस, पावसानंतरची जंगलातली जमीन. मी कासिस आयुष्यात खाल्लेलं नाही, सिगार ओढत नाही, पेन्सिल चावायचो ती तिसरीत. मला यातून काय कळणार?

माझं पिणं सांगतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. जास्त करून फ्रान्सच्या रोन भागातल्या रेड, जमेल तेव्हा तिथलीच बर्गंडी, आणि गेल्या वर्षापासून रीसलिंगच्या (जर्मनीतलं पांढरं द्राक्ष) प्रेमात पडलोय. खूप जोरकस, ओकच्या पिंपांचा मारा केलेल्या रेड पहिल्या ग्लासला भारी वाटतात पण दुसऱ्याला नको होतात. इन्व्हेस्टमेंट वगैरे अजिबात नाही, सगळं प्यायलाच आहे.

एकच घ्यायचंय. "सगळीच चांगली आहेत, तुमच्या आवडीवर आहे" हे उत्तर कृपया नको, ते मला मीच आठवडाभर देतोय.

---

अर्धा_ग्लास:

डिकँटर घ्या आणि मोकळे व्हा. १९७५ पासून लंडनहून निघतंय, दर महिन्याला अंक, आणि नुसते स्कोअर नाहीत तर वाचायला मजकूर असतो, एखादा भाग घेऊन तिथली माती काय, गावं कुठली, कोण नवीन लोक चांगलं करतायत असं. त्यांचं पॅनल टेस्टिंग ब्लाइंड, म्हणजे लेबल न बघता असतं, तीन जण चाखतात, त्यामुळे एकाच माणसाच्या लहरीवर सगळं जात नाही. आणि रोनसाठी त्यांच्याकडे मॅट वॉल्स लिहितात, ते तुमच्या कामाचं आहे.

शिवाय हातात कागद येतो. रात्री ग्लास घेऊन बसल्यावर मोबाइलवर डेटाबेस सर्च करण्यात काय मजा आहे राव.

---

जुनाटकॉर्क:

नवखा, तुझा प्रश्नच थोडा उलटा आहे म्हणून टॅब संपत नाहीयेत. मासिक निवडू नकोस, माणूस निवड. मासिकाला जीभ नसते.

थोडं मागे जाऊन सांगतो, मला ही गोष्ट कळायला बरीच वर्षं आणि तीन सबस्क्रिप्शनं लागली. वाइन ॲडव्होकेट १९७८ साली रॉबर्ट पार्कर नावाच्या वकिलाने सुरू केलं, एकही जाहिरात घ्यायची नाही, गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहायचं असा बाणा. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या १९८२ च्या वाइनबद्दल काही नावाजलेले समीक्षक साशंक होते, याने ठासून सांगितलं की हे वर्ष थोर आहे, ते खरं निघालं आणि मग जगभर १०० पैकी मार्कांची चाल पडली. आता इथे लक्ष दे. लोक ॲडव्होकेट वाचत होते म्हणजे पार्करची जीभ वाचत होते. त्याला पिकलेल्या फळाच्या, भरगच्च, जाड अंगाच्या वाइन आवडायच्या हे दोन-चार अंक वाचले की कोणालाही समजायचं. तुला तशा आवडत असतील तर त्याचे ९५ म्हणजे डोळे मिटून घ्यायची बाटली. नसतील तर तेच ९५ म्हणजे धोक्याची घंटा. दोन्ही बाबतीत पैसे वसूल.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे शातो पावी (शातो म्हणजे बोर्दोतली वाइन इस्टेट), व्हिंटेज २००३. २००४ च्या वसंतात बॅरलमधून सगळ्यांनी चाखली. पार्करनी डोक्यावर घेतली, जॅन्सिसबाईंनी २० पैकी १२ दिले आणि ही बोर्दोपेक्षा पोर्टच्या (गोड, जास्त अल्कोहोलच्या वाइनच्या) जवळची वाटते असा सूर लावला. त्यांच्या स्केलवर १२ म्हणजे सदोष किंवा तोल गेलेली. जाहीर जुंपली दोघांची. कोण बरोबर यावर लोक अजून भांडतात, मला विचारशील तर दोघंही बरोबर होते, कारण दोघांनी एकाच वाइनचं वर्णन केलं, फक्त ती एकाला आवडली आणि दुसरीला नाही.

तुझ्या १६.५ चं उत्तर पण त्यातच आहे. टक्केवारी काढू नकोस. त्यांच्याकडे १५ म्हणजे सर्वसाधारण, १६ म्हणजे दखल घ्यावी अशी, १७ म्हणजे सरस, १८ म्हणजे त्याहून वरचढ. म्हणजे १६.५ ही चांगली वाइन झाली. आणि शंभरची पट्टी शून्यापासून नाहीच, ती ५० पासून सुरू होते आणि दुकानात दिसणारी जवळजवळ प्रत्येक वाइन ८५ च्या पुढेच बसलेली असते. स्पेक्टेटरच्या हिशोबात ८५ ते ८९ म्हणजे 'व्हेरी गुड', पण ८९ पाहून लोक नाक मुरडतात आणि ९० दिसले की उचलतात. एका मार्काने एवढा फरक पडावा असं त्या वाइनमध्ये काही नसतं.

आता माणसं जागा बदलतात हेही बघायला लागतं. जेम्स सकलिंग २०१० मध्ये स्पेक्टेटर सोडून स्वतंत्र झाले. अँतोनियो गॅलोनींनी ॲडव्होकेटमधून बाहेर पडून २०१३ मध्ये विनस काढलं, पुढच्या वर्षी स्टीफन टँझर यांचं इंटरनॅशनल वाइन सेलर हे प्रकाशन त्यातच घेतलं. बर्गंडी-बोर्दोवर लिहिणारे नील मार्टिन २०१८ मध्ये ॲडव्होकेटमधून विनसकडे गेले. रोन बघणारे जेब डनक पण ॲडव्होकेट सोडून स्वतःच्या नावाने लिहायला लागले. पार्कर स्वतः २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि ॲडव्होकेट आता पूर्णपणे मिशलँकडे आहे, हो तेच टायरवाले. त्यामुळे "पार्करचं मासिक" म्हणून आज ॲडव्होकेट घेतलंस तर तुला पार्कर मिळणार नाही, वेगवेगळ्या प्रदेशांचे वेगवेगळे लिहिणारे मिळतील. ते वाईट आहेत असं नाही, पण तू कोणाची जीभ विकत घेतोयस ते आधी बघ. रोन कोण लिहितंय, बर्गंडी कोण, जर्मनी कोण, तीन नावं कागदावर लिही. पैसे त्या तीन नावांसाठी, मुखपृष्ठासाठी नाही.

---

टॅनिनताई:

जुनाटकॉर्ककाकांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा, पण "माणूस निवड" हे बोलायला सोपं आहे, निवडायचा कसा ते कोणी सांगत नाही. मी काय केलं ते सांगते.

मला सहा अशा वाइन सापडल्या ज्यांच्यावर दोन वेगवेगळ्या समीक्षकांचे रिव्ह्यू फुकट वाचता येत होते. मुद्दाम वाचले नाहीत, फक्त आहेत एवढं बघून ठेवलं. मग दर शनिवारी दोन-दोन बाटल्या. लेबल दिसू नये म्हणून नवरा बाटल्यांवर त्याचे जुने फुटबॉलचे मोजे चढवायचा (धुतलेले, हे आधीच सांगते कारण इथे कोणीतरी विचारणारच), मी चाखायची आणि वहीत लिहायची. मार्क नाही, फक्त तीन गोष्टी. परत घ्यावीशी वाटते का, दुसरा ग्लास पहिल्याइतका आवडला का, आणि एका वाक्यात का. सगळ्या सहा झाल्यावर मग रिव्ह्यू उघडले.

एका समीक्षकाशी माझं सहापैकी चारदा जुळलं. दुसऱ्याशी एकदाच, आणि बाकी पाच ठिकाणी बरोब्बर उलटं. मला वाटलं हा माणूस बाद. नवरा म्हणाला, अगं हा तर जास्त कामाचा, हा ज्याला नावं ठेवतो ते घ्यायचं! आणि खरंच, तो ज्या वाइनला 'बारीक', 'कडक', 'मिटलेली' म्हणायचा त्या मला आवडलेल्या निघाल्या. कायम चुकणारं घड्याळ पण किती चुकतं ते माहीत असेल तर वेळ सांगतंच की. बिनकामाचा तो, ज्याच्याशी कधी जुळतं आणि कधी नाही आणि का ते कळतच नाही.

यातून अजून एक कळलं. एका रोनवर दोघांनी लिहिलं होतं, एकाने 'चामडं, तबेला, खूप खोली' असं कौतुकाने आणि दुसऱ्याने मार्क कापून. माझ्या वहीत होतं 'ओली घोंगडी, ग्लास संपवला नाही'. ते ब्रेट निघालं, ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट असतं त्याने तसा वास येतो. थोडं असेल तर काही लोकांना त्यात खानदानीपणा वाटतो, मला अजिबात सहन होत नाही. आता मी नोटमध्ये 'तबेला' किंवा 'फार्मयार्ड' दिसलं की मार्क किती का असेनात, पुढे जाते. तू रोन पितोस म्हणून खास सांगतेय, तुझं यावर मत काय आहे ते आधी शोध, कारण तुला हा शब्द वारंवार भेटणार.

आणि नोटमधली फळं सोडून दे रे. कासिस, बॉयझेनबेरी, ग्राफाइट, ते लिहिणाऱ्याच्या आठवणीतलं असतं, तुझ्या आठवणीत वेगळं असणार. वाचायचं ते सांगाड्याबद्दल. आंबटपणा किती, टॅनिन किती आणि कसं, अल्कोहोल जाणवतं का, अंग पातळ की भरलेलं, घोट गिळल्यावर चव किती वेळ राहते. यातलं टॅनिन तर आपल्याला शिकवायला पण नको, मराठीत 'तुरट' हा खणखणीत शब्द पडलाय. कोरा चहा विसरून जास्त उकळला की जीभ आणि गालाची आतली बाजू कशी खरखरीत होते, ते टॅनिन. फक्त बारीक रेघोट्यांसारखं आहे की वाळूच्या कागदासारखं एवढंच पुढचं. जो समीक्षक हे नीट सांगतो त्याच्या नोटवरून मला बाटली न उघडता अंदाज येतो, आणि जो चौदा फळांची यादी देतो त्याच्यावरून येत नाही. फुकटचे रिव्ह्यू वाचताना फळांचे शब्द पेन्सिलने खोडून बघ (चावू नकोस), मागे काय उरतं ते बघ. काहींच्या नोटमध्ये काहीच उरत नाही.

---

तळातला_गाळ:

मी पार्टी बिघडवायला आलोय.

रॉबर्ट हॉजसन म्हणून एक निवृत्त प्रोफेसर, स्वतःची वायनरी असलेला माणूस. आपलीच वाइन एका स्पर्धेत गोल्ड आणि दुसरीकडे काहीच नाही असं का होतं म्हणून वैतागला आणि कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या जजांवर प्रयोग केला, २००५ पासून चार वर्षं. एकाच बाटलीतली वाइन त्याच फेरीत तीनदा वेगवेगळ्या ग्लासात, न सांगता. साधारण दहापैकी एकच जज तिन्ही वेळा जवळपास सारखे मार्क देऊ शकला, बाकीच्यांचे चार-चार मार्क इकडेतिकडे. आणि एका वर्षी चांगला ठरलेला जज पुढच्या वर्षी पण चांगला ठरेल असंही नाही. हे सगळं जर्नल ऑफ वाइन इकॉनॉमिक्समध्ये २००८ ला छापून आलंय. त्याआधी २००१ मध्ये बोर्दोत फ्रेडरिक ब्रोशे यांनी ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये लाल रंग घालून दिला तर पोरं रेड वाइनचे शब्द लिहायला लागली. २००८ मध्येच रॉबिन गोल्डस्टीन यांनी मिलानमधलं एक अस्तित्वातच नसलेलं रेस्टॉरंट उभं केलं कागदावर, फी भरून वाइन लिस्ट स्पेक्टेटरच्या रेस्टॉरंट ॲवॉर्डला पाठवली, त्यात महागड्या बाजूला मुद्दाम अशा वाइन घातल्या ज्यांना स्पेक्टेटरनेच पूर्वी धुतलं होतं. मिळालं ॲवॉर्ड.

आता मला सांगा ८९ आणि ९१ मधल्या फरकासाठी वर्षाचे पैसे का भरायचे?

मी सेलरट्रॅकर वापरतो. एरिक लेव्हाइन नावाच्या माणसाने २००३ च्या सुमाराला स्वतःच्या बाटल्या मोजायला बनवलं आणि आता जगभरचे लोक त्यात नोट टाकतात. त्यातलं खरं सोनं मार्कांमध्ये नाहीच, तारखांमध्ये आहे. समीक्षक वाइन बाजारात यायच्या आधी एकदा चाखतो आणि "२०२८ ते २०४० या काळात प्या" लिहून मोकळा होतो. इथे तुमच्याच व्हिंटेजची बाटली कोणीतरी मागच्या महिन्यात उघडलेली असते आणि लिहिलेलं असतं की अजून दार बंद आहे, थांबा, नाहीतर दुसऱ्या भांड्यात ओतून चार तास हवा लागू द्या (डिकँट करा). हे मला कुठल्या मासिकाने वेळेवर सांगितलेलं नाही.

आणि एक वैयक्तिक दुखणं. एका प्रकाशनाचं (नाव सांगत नाही) सबस्क्रिप्शन घेतलं होतं, ते वर्ष संपलं की आपोआप पुढे चालू. मला पत्ता कार्डाच्या स्टेटमेंटवर लागला. कॅन्सल करायचं बटण शोधायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात एक बाटली संपली. त्यामुळे काहीही घेतलंत तरी त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा, सबस्क्रिप्शन चालू राहतं शेवटपर्यंत.

---

जुनाटकॉर्क:

गाळ, तुझे तिन्ही किस्से खरे आहेत पण नेम थोडा चुकलाय. हॉजसनचे जज स्पर्धेतले, एका बैठकीत तीस-तीस ग्लास. त्यावरून एवढंच सिद्ध होतं की दोन मार्कांच्या फरकाला काही अर्थ नाही, ते तर मी वर पण म्हणलंच आहे. आणि ब्रोशेचे विद्यार्थी होते, रंगावर विश्वास ठेवला म्हणून त्यांना हसण्यात काय अर्थ, आपण सगळेच ठेवतो. रेस्टॉरंटवाला किस्सा मात्र खरंच लाजिरवाणा. पण ते ॲवॉर्ड लिस्टचं, चाखण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

सेलरट्रॅकरबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त तिथे सगळ्यांची सरासरी बघू नये, सरासरी जीभ कोणाचीच नसते. तिथेही आपल्यासारखं पिणारे पाच-सहा लोक शोधून त्यांनाच वाचायचं.

---

नवखा_पेला:

अरे बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, गाळभाऊंचे पण.

काका, तीन नावं लिहायला बसलो तर अजून एक शंका. स्पेक्टेटर सांगतं की आम्ही ब्लाइंड चाखतो, उत्पादक आणि किंमत माहीत नसते. ॲडव्होकेट, विनसवाले बऱ्याचदा थेट तळघरात जाऊन मालकासमोर चाखतात. मग ब्लाइंडवालं जास्त प्रामाणिक नाही का? सरळ स्पेक्टेटरच घेऊ?

ताई, मोज्यांचा प्रयोग करणार. तबेल्यावर माझं मत काय ते खरंच माहीत नाही, बहुतेक आजपर्यंत त्यालाच 'कॅरॅक्टर' म्हणत आलोय.

---

जुनाटकॉर्क:

ब्लाइंडचा फायदा उघड आहे, मोठ्या नावाला बिचकून कोणी चार मार्क जास्त देत नाही. पण त्यात एक गोची आहे. ओळीने वीस ग्लास, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, अशात जी वाइन मोठ्याने बोलते तीच ऐकू येते. तुला दुसऱ्या ग्लासला नकोशा होतात त्याच या वाइन. हळू उलगडणारी बर्गंडी नाहीतर हाडं दिसणारी तरुण रीसलिंग त्या रांगेत मार खाते.

तळघरात चाखणाऱ्याला मालकाच्या पाहुणचाराचं थोडं ओझं असतं हे खरं, पण त्याला तीच वाइन दहा वर्षं ओळीने माहीत असते, बॅरलमध्ये कशी होती आणि बाटलीत गेल्यावर काय झालं ते तो जोडून सांगू शकतो. आणि बॅरलमधली वाइन तिथे गेल्याशिवाय चाखायची कशी? म्हणून तर '९३-९५' असे जोडीचे मार्क देतात, कारण ती अजून पूर्ण झालेली वाइन नसते. दुकानदार मात्र त्यातले ९५ तेवढे उचलून पाटीवर लिहितो. पाटीवर व्हिंटेज पण बघत जा, मार्क एका वर्षाचे आणि खाली रचलेल्या बाटल्या दुसऱ्या वर्षाच्या, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पाटी वाचतच नाही.

तर ब्लाइंड की उघडं यापेक्षा, ते कसं चाखतात हे सरळ सांगतात का ते बघ. आणि पैसे कुठून येतात तेही. जाहिराती घेणारं मासिक विकलं गेलेलं असतं असं मुळीच नाही, पण एका पानावर एका शातोची जाहिरात आणि समोरच्या पानावर त्याच शातोचं कौतुक दिसलं की आपलं मन उगाच खातं, मग ते कौतुक खरं का असेना.

तुझ्या पिण्याकडे बघून माझं मत विचारशील तर जॅन्सिसची साइट. २००० सालापासून चालू आहे, नोटा आखूड असतात, कौतुकाचा पूर नसतो, आणि हलक्या, ताज्या, कमी ओकच्या वाइनला तिथे न्याय मिळतो. वर ऑक्सफर्ड कंपॅनियनसारखा जाडजूड संदर्भग्रंथ मेंबरांना शोधता येतो, रात्री मॅलोलॅक्टिक म्हणजे काय असा प्रश्न पडला की तिथेच उत्तर. त्यांचं 'वाइन ऑफ द वीक' सगळ्यांना फुकट असतं, महिनाभर तेच वाच आधी, सूर जुळतो का बघ. बर्गंडीचं वेड वाढलंच तर मग बर्गहाउंड आहे, ॲलन मेडोज २००० पासून मुख्यतः बर्गंडीच चाखतात. आणि रोनमध्ये खोल शिरायचं असेल तर जॉन लिव्हिंगस्टोन-लर्मंथ, हे गृहस्थ १९७० च्या दशकापासून रोनवर लिहितायत. मार्क सहा ताऱ्यांपैकी देतात, म्हणजे तुला अजून एक कोष्टक.

---

टॅनिनताई:

सहा तारे 😄 याला आता १०० ची पट्टी, २० ची पट्टी आणि वर आकाश पण पाठ करायला लावा.

नवखा, एक राहिलंच. मोज्यात घालताना कॅप्सूल (बाटलीच्या तोंडावरचं पातळ वेष्टण) पूर्ण काढून टाकायला सांग, रंगावरून आणि नक्षीवरून ओळखू येते. आणि एका शनिवारी एकच वाइन दोन मोज्यांत भरायला सांग, तुला न सांगता. मला तशा दोन 'वेगळ्या' वाइनमधली डावीकडची जास्त आवडली होती. नंतर दोन दिवस घरात कोणाचं मत खोडून काढायची हिंमत झाली नाही.

---

अर्धा_ग्लास:

मी अजूनही डिकँटरच म्हणतोय हां. नोंद असावी.

---

नवखा_पेला:

तीन आठवड्यांनी परत आलोय, रिपोर्ट द्यायचा राहिला होता.

सहापैकी पाच बाटल्या झाल्या. पहिल्याच शनिवारी पोपट झाला. बायकोने रीसलिंगवर मोजा चढवला, पण ती बाटली उंच, निमुळती, तिला खांदाच नसतो, मोज्यातून लांबूनच ओळखू आली. "ही रीसलिंग," म्हणलं तर ती म्हणाली मग बर्गंडी कुठली तेही सांग, आणि ते मात्र मला सांगता आलं नाही, मी ज्याला बर्गंडी म्हणलं ती रोनची ग्रनाश (तिथलं एक लाल द्राक्ष) निघाली. आता आम्ही सगळं आधी एकसारख्या पाण्याच्या बाटल्यांत ओततो.

तबेल्याचा निकाल लागला. ताई, मला आवडतं. थोडंच, पण आवडतं. तिसऱ्या नंबरच्या बाटलीला माझ्या वहीत 'जुन्या दप्तराचा वास, परत घेईन' आहे आणि ज्या समीक्षकाने त्याच कारणाने मार्क कापलेत त्याच्याशी माझं बाकी सगळीकडे जुळतंय. म्हणजे त्याने 'फार्मयार्ड' म्हणून दोन मार्क कापले की मी चार वाढवून वाचायचं, एवढंच ठरलं.

काका, 'वाइन ऑफ द वीक' तीन वाचले. पहिल्यांदा वाटलं एवढंच? नंतर लक्षात आलं की त्यात खोडण्यासारखं फार काही सापडलं नाही. मन जवळजवळ तिकडेच झुकलं होतं.

झुकलं होतं म्हणतोय कारण काल वाढदिवस झाला. बायकोला मी सांगितलं होतं की साइटचं घे. ती म्हणाली साइट गिफ्ट पेपरमध्ये कशी गुंडाळायची, समोर धरायला काहीतरी पाहिजे ना. तिने परस्पर डिकँटरचं वर्षाचं भरून टाकलं आणि ताजा अंक लाल रिबीन बांधून हातात दिला. अर्धा_ग्लास, तुमचा फोन नंबर तिच्याकडे आहे का हे मला अजून समजलेलं नाही.

ऑटो-रिन्यू कालच बंद केलं, गाळभाऊ. सहावी बाटली येत्या शनिवारी.